टँकर वळायची जागा

पहिला नकाशा अजून माझ्याकडे आहे. कपाटात, चादरींच्या खाली, चार घड्या घालून ठेवलेला. घड्यांच्या जागी कागद विरलाय, पण रेघा स्पष्ट दिसतात. डाव्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन आहे आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, 'जुना गोठा, ५ गाई'. दुसरा नकाशा बँकेत गेला तो परत आला नाही. त्यात त्या चौकोनाच्या जागी काय होतं ते मला पाठ आहे.

एकतीस वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे बावीस गाई होत्या. दूध किटल्यांत भरून फाटकापाशी ठेवायचं, गाडी यायची, भरलेल्या किटल्या उचलायची, रिकाम्या ठेवून जायची. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच चाललं होतं. मग एक दिवस दूध घेणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. दोन वर्षांनी किटल्या बंद. ज्यांच्याकडे दूध गार करायची टाकी असेल त्यांच्याच दारात टँकर येईल, आणि टँकर येण्याइतकं दूध ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आपली सोय बघावी. म्हणजे बावीसच्या पन्नास गाई करा, नाहीतर गोठ्याला कुलूप घाला.

आमच्या ह्यांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि चहा गार होऊ दिला. मुलगा तेव्हा पंचविशीचा. त्याच्या डोक्यात नवा गोठा आधीच उभा होता, फक्त पैसे कुठून आणायचे एवढंच ठरायचं होतं. त्याने बँकेत चौकशी केली आणि प्रकल्पाचा आराखडा करून देणारा एक माणूस घेऊन आला. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक पट्टी. वन्संनी त्याला बघताक्षणी 'फुटपट्टी' करून टाकलं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. त्या चौदा वर्षांच्या असताना आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी दूध काढायला हवंच होतं, म्हणून बादली घेऊन बसल्या. "ती बसले ती बसलेच," असं त्या स्वतःच सांगायच्या. मी सून म्हणून घरात आले त्या दिवशी त्यांनी मला 'नवरी' म्हणून हाक मारली, आणि माझे केस पिकायला लागले तरी ती हाक बदलली नाही. "अगं नवरी, तुझे दात पडले की मग दुसरं काहीतरी शोधू," म्हणायच्या.

माणसांना काय, गाईंनाही त्या असंच काहीबाही म्हणत. एक होती सासूबाई, खाताना कुणाला जवळ उभं राहू देत नसे. एक होती मास्तरीण. ती सगळ्यांच्या पुढे चालायची, आणि ती थांबली की अख्खा वर्ग थांबायचा. गोठ्यात शिरण्याआधी वन्सं दाराशी उभ्या राहून खाकरायच्या. कोरडा, बारीक खोकला, दोनदा. गाई दचकू नयेत म्हणून लहानपणी लावून घेतलेली सवय. पण इतक्या वर्षांत झालं असं, की तो खोकला ऐकला की गाई पान्हा सोडायच्या. वन्सं स्टुलावर बसेपर्यंत सडांतून थेंब गळायला लागलेले असत. पाहुण्यांना आम्ही ही गंमत मुद्दाम दाखवत असू. फुटपट्टीलाही दाखवली. तो म्हणाला, "यंत्राला वीज लागते, मावशींना खोकला. स्वस्त पडतं."

त्याने पहिला नकाशा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर माझा चष्मा. नवा गोठा, वैरणीची जागा, टाकीची खोली, दूध काढायच्या यंत्राचे आठ खण. वन्सं उभ्याने बघत होत्या.

"ह्यात मी कुठे बसते?" त्यांनी विचारलं.

फुटपट्टी गडबडीने उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे केली.

"खुर्ची नको रे बाबा. नकाशात विचारते. माझं स्टूल कुठे ठेवलंयस?"

मुलगा हसला. "आत्या, आता तू आराम करायचा. आठ गाईंचं दूध सात मिनिटांत निघतं."

"आराम? तो कसा करतात ते मला कुणी शिकवलं नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बाळ, पन्नास करा, शंभर करा, माझी ना नाही. मला हा जुना गोठा ठेवा आणि पाच गाई. त्यांचं मी हाताने काढीन. एवढं ठेवलंत तर हवी तिथे सही देते."

सही त्यांचीच लागणार होती. सासऱ्यांनी जाताना अर्धी जमीन लेकीच्या नावावर केली होती, आणि सगळी जमीन तारण ठेवल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती.

"त्यात काय ताई, पाच तर पाच," हे म्हणाले. फुटपट्टीने पट्टी काढली आणि कोपऱ्यातला तो चौकोन आमच्यासमोर आखला.

महिन्याभराने बँकेचा तपासणीस येऊन गेला आणि त्याने अडचण काढली. टँकर लांबडा. तो आत आला तर वळणार कुठे? उलटा मोठ्या रस्त्यावर काढता येणार नाही. अंगणात वळवायचा तर एकच जागा होती, जुन्या गोठ्याची. शिवाय हाताने काढलेलं दूध त्या टाकीत मिसळलेलं कंपनीला चालणार नव्हतं. फुटपट्टीने दुसरा नकाशा केला. कोपऱ्यातला चौकोन गेला. तिथे एक गोल बाण आला आणि शब्द आले, 'टँकर वळण'.

वन्सं गोठ्यात होत्या. टेबलाशी आम्ही तिघंच.

"ताईला कोण सांगणार?" हे म्हणाले.

संमतीपत्र सोमवारपर्यंत बँकेत जायला हवं होतं, नाहीतर मंजुरी पुढच्या वर्षावर जात होती, आणि पुढच्या वर्षी किटल्या बंद.

"आई, ती तुझं ऐकते," मुलगा म्हणाला.

"आणि सांगू काय?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "आधी सही होऊ दे. काम सुरू झालं की सांगू. तिलाही पटेल. तिचे गुडघे बघितलेस का? तिच्या भल्याचंच आहे."

मला तेव्हा ते खरंही वाटलं. वन्संची बोटं सकाळी सरळ होत नसत, गरम पाण्यात धरून ठेवायला लागत. टेबलावर दोन्ही नकाशे होते. कुठला ने असं मला कुणीच सांगितलं नाही. संमतीपत्राबरोबर मी पहिला उचलला.

वन्सं मास्तरणीचं दूध काढून नुकत्याच उठल्या होत्या. मी नकाशा पुढे धरला. त्यांनी फडक्याला हात पुसले, नीट पुसले गेले नाहीत, आणि ओलं बोट त्या चौकोनावर ठेवलं. तो डाग अजून आहे, पिवळट, बोटाच्या पेराएवढा.

"हा माझा?"

"हो."

"नक्की ना गं?"

"नकाशात आहे ना वन्सं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते आता सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत तो वेळ दर वर्षी वाढत गेलाय. "नक्की?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी संमतीपत्र मास्तरणीच्या पाठीवर पसरलं आणि सही केली. गाय हलली तशी अक्षरं वर-खाली झाली.

"साहेबांनी विचारलं सही अशी का, तर सांग, टेबल श्वास घेत होतं."

मी हसले. हसत हसत घरात आले आणि कागद ह्यांच्या हातात दिला.

नवा गोठा सात-आठ महिन्यांत उभा राहिला. विकत आणलेल्या गाई यंत्राला सरावलेल्या होत्या, त्या मुकाट्याने आत जायच्या. आमच्या बावीस जुन्या गाई मात्र यंत्राच्या खणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पान्हा चोरला. कप लावले की नुसती हवा ओढली जायची. सासूबाईने लाथेने एक कप तोडला. चौथ्या दिवशी कास दगडासारखी घट्ट झाली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर कास धरेल, मग गाय गेली समजा." बँकेचा दुसरा हप्ता अडकून होता. साहेब येऊन सगळ्या गाई यंत्रावर बघणार, मगच टाकीचे पैसे सोडणार. पाहणीला तीन आठवडे उरले होते.

मुलगा जुन्या गोठ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. जुना गोठा तेव्हा तसाच होता, आणि तो राहणार असं वन्संना वाटतंय, असं आम्हाला वाटत होतं.

"आत्या, तू जरा येशील का? तुझ्याशिवाय त्या कुणाचं ऐकत नाहीत."

"आता आली का आत्याची आठवण! सात मिनिटांत आठ ना रे?" त्या म्हणाल्या, आणि लगेच उठल्या.

पुढचे वीस दिवस मी रोज बघितले आहेत, म्हणून सांगते. पहिले काही दिवस वन्सं यंत्राच्या खणात खाली वाकून उभ्या राहायच्या. तीन सडांना कप, चौथा त्यांच्या हातात. मग चौथ्यालाही कप, आणि त्यांचा हात गाईच्या कुशीवर. मग हातही काढला, नुसत्या शेजारी उभ्या. मग दाराशी. मास्तरीण मान वळवून शोधायची. त्या म्हणायच्या, "इकडे काय बघतेस, वर्ग सांभाळ." शेवटी त्या भिंतीच्या पलीकडे, अंगणात थांबायला लागल्या आणि तिथून फक्त खाकरायच्या, दोनदा. आत पान्हा सुटायचा, काचेच्या नळीतून दूध धावायचं. आपल्यावाचून चालायला त्यांनी एकेक गाय शिकवली. कुणी शाळेत घातलेल्या पोराचं बोट सोडवून घेतं तशी. खोकला तेवढा सोडवायचा राहिला. वेळ पुरला नाही, की तेवढं एक त्यांनी स्वतःजवळ ठेवलं, ते मी कधी विचारलं नाही.

पाहणीच्या दिवशी साहेब आले, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आत फिरले. पलीकडून खोकला आला. नळ्या भरल्या. साहेबांनी मान डोलावली आणि ह्यांना हळूच विचारलं, "घरात कुणाला बरं नाही का?"

"बहीण आहे. हवा बदललीय ना," हे म्हणाले.

दुसरा हप्ता महिन्याभरात सुटला. त्यानंतरच्या एका सकाळी जुना गोठा पाडायला माणसं आली. वन्संच्या म्हणून रात्री अजून तिथेच बांधत होतो त्या पाच गाई मुलाने न बोलता नव्या गोठ्यात नेऊन बांधल्या. कुणीही वन्संना काही सांगितलेलं नव्हतं. हे सकाळीच काहीतरी काम काढून बाहेर गेले होते. छपराचे पत्रे काढल्याचा आवाज आला तशी मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. वन्सं अंगणात उभ्या होत्या, काखेत स्टूल.

"वन्सं, मला तुम्हाला सांगायचं होतं, मी..."

"टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं गं," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. आम्ही तिघं बँकेत गेलो होतो त्या दिवशी फुटपट्टी एकटाच माप घ्यायला आला होता. टेप धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने वन्संना बोलावलं. त्या एक टोक धरून गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि तो फाटकापर्यंत मोजत गेला. कशाला रे मोजतोस, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, "टँकर वळायला, मावशी. हे पाडावं लागेल." त्याला वाटलं त्यांना ठाऊकच आहे. सहीच्या आधी आठ दिवस.

"मग सही का केलीत?"

"पोराचं व्हायला हवं होतं ना! मी किती दिवस पुरणार? जमीन काय डोक्यावर घेऊन जाणार होते?" पत्रा खाली पडला, त्या थांबल्या. "तू कागद घेऊन आलीस तेव्हा वाटलं, नवरी सांगेल. म्हणून तर विचारलं. दोनदा विचारलं."

माझ्या हातावरचं पीठ वाळून ताणायला लागलं होतं. माफी मागायचे शब्द कधीच सापडले नाहीत असं नाही. संध्याकाळपर्यंत सापडले होते, पण तोवर त्या जेवायला बसल्या होत्या आणि मुलाला विचारत होत्या, टाकी कधी येणार. त्यांनी विषय मिटवला होता. मला तो उघडायचा धीर झाला नाही.

त्यांना अंगणाकडची खोली दिली. चांगली खोली, उजेडाची. स्टूल त्यांनी खिडकीखाली ठेवलं. हळूहळू गाई यंत्राच्या आवाजालाही पान्हा सोडायला शिकल्या, खोकल्यावाचून. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या वेळी जुन्या गाई आत जायची वाट बघत अंगणात रांगेने उभ्या राहायच्या, आणि वन्सं स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघायच्या. एकदा त्यांना सर्दी झाली होती. त्या खोकल्या आणि रांगेतल्या गाईंनी तिथेच पान्हा सोडला. फरशीवर पांढरे ओघळ. मुलगा खिडकीशी आला, हसत हसतच म्हणाला, "आत्या, अगं ह्या वेळेला तेवढं खोकू नकोस. बादलीभर दूध फरशीने प्यायलं."

वन्संही हसल्या. "बघ लेका, मशीन तुझं, ताल अजून माझाच."

पण त्या दिवसापासून दुधाच्या वेळी त्या खिडकी लावून घेऊ लागल्या. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याने एक साधी गोष्ट सांगितली आणि वन्संनी ती आयुष्यभरासाठी ऐकली.

दोन थंड्या गेल्या. तिसऱ्या वर्षी मी एकदा म्हणाले, "वन्सं, हल्ली खोकला बरा दिसतोय तुमचा. ऐकूच येत नाही."

"हो गं. गेला," त्या म्हणाल्या.

आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. त्या बारीक होत चालल्या होत्या. मी म्हणायचे, बसून बसून भूक मेली. मग एका शनिवारी त्यांची गादी उन्हात टाकायला काढली, तर उशीखाली टॉवेलांच्या घड्या निघाल्या. चार-पाच. प्रत्येकाचं टोक चावून चावून झिजलेलं, धागे सुटलेले. मी ते हातात घेऊन उभी राहिले. वन्सं दारात होत्या. चोरी पकडलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "सवय लागली गं. मग वेळ असो नसो, तोंडात धरलं की बरं वाटायचं."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि आम्हाला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात? घरात कुणाला खोकला ऐकू आला नाही?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

त्या पाच आठवडे तिथे होत्या. तिसऱ्या मजल्यावर, सहा खाटांच्या खोलीत, भिंतीकडची खाट. तिथे त्या मोकळेपणाने खोकायच्या, सगळं अंग हलायचं, शेजारची बाई कूस बदलायची. एकदा दम परत आल्यावर मला म्हणाल्या, "इथे बरंय. काही सांडत नाही."

शेवटच्या आठवड्यात मी त्यांचे हात चोळत बसले होते. बोटं आपोआप मिटायची आणि उघडायची, आधी अंगठा, मग एकेक बोट खालपर्यंत. झोपेतही.

"नवरी," त्या म्हणाल्या.

"वन्सं, त्या दिवशी मी..."

"टँकर वळतो का गं नीट?"

"वळतो."

"एका दमात? मागेपुढे न करता?"

"एका दमात."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. माझं वाक्य तसंच राहिलं.

कर्ज ठरल्याच्या एक वर्ष आधी फिटलं. बँकेने आमच्या गोठ्याचा फोटो आपल्या माहितीपत्रकात छापला. त्यात हे आहेत, मुलगा आहे, टाकी आहे. आता हेही नाहीत. गाई दीडशेच्या वर गेल्या, नातू बघतो. त्यांना नावं नाहीत, कानाला आकडे आहेत.

मला यंदा थंडीत खोकला लागलाय. डॉक्टरला दाखवलं, साधा आहे. तरी कधीकधी दुधाच्या वेळी मी काठी घेऊन अंगणात जाते, रांगेसमोर उभी राहते आणि दोनदा खाकरते. त्यांच्यासारखंच, कोरडं. गाई रवंथ करत राहतात. मास्तरणीच्या पणतीची पणती असेल त्यांत एखादी, मला ओळखता येत नाही. एकही मान वळत नाही.

परवा मी अशीच उभी होते. टँकर फाटकातून आत आला आणि थांबला. चालकाने काच खाली केली.

"आजी, जरा बाजूला व्हा. गाडी वळवायचीय."

मी बाजूला झाले. त्याने ती एका दमात वळवली.